कप्तान प्लमर यांची सही

आमचं 'प्रूडन्स' हे जहाज फ्रेंचांच्या परवानेवाल्या लुटारूंनी धरलं ते सतराशे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये. कप्तान एनॉक प्लमर यांनी त्याबद्दल न्यूबरीपोर्टला नोटरीसमोर जबानी दिली ती ऑक्टोबरात. त्या जबानीखाली दुसरी सही माझी आहे. मी जेथ्रो पेटिंगेल, 'प्रूडन्स'वर त्यांच्या हाताखालचा दुय्यम. ती जबानी कशी झाली ते लोक वेगवेगळं सांगतात. त्या खोलीत आम्ही चौघंच होतो आणि त्यातला आता मी एकटा उरलो आहे, म्हणून सांगतो.

'प्रूडन्स' दोन डोलकाठ्यांचं साधं जहाज होतं. निघताना त्यात खारवलेला कॉड मासा, पाइनच्या फळ्या, चरबीच्या मेणबत्त्या आणि लिन गावच्या चांभारांनी केलेले जोडे होते. निम्मा माल अ‍ॅबनर लंट या व्यापाऱ्याचा. बाकी निम्मा गावाचा म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे रीतच तशी होती. जहाज दक्षिणेला बेटांकडे निघालं की ज्याच्याकडे जे असेल ते तो कप्तानाच्या हवाली करायचा. कुणी कांद्याच्या माळा दिल्या होत्या, कुणी चीजच्या चकत्या. मेहिटेबल मावशींनी हिवाळाभर विणलेले लोकरीचे बारा जोड मोजे दिले होते. मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं.

कप्तान प्लमर तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. बोलणं कमी आणि तेही सावकाश. डाव्या कानाने ऐकू कमी यायचं, म्हणून समोरच्याचं बोलणं ऐकताना मान थोडी वळवायचे. नवख्याला वाटायचं की हे आपल्यावर संशय घेताहेत. मी त्यांच्याबरोबर चार सफरी केल्या होत्या. त्यांनी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही आणि कुणाची उगाच स्तुती केलेलीही ऐकली नाही.

आम्ही डेन्मार्कच्या सेंट थॉमस बंदराकडे चाललो होतो. चौदा जूनला सकाळी वारा पडला होता, शिडं ओल्या चादरीसारखी लोंबत होती. एक लांबट काळं जहाज वल्ही मारत आमच्याकडे आलं. त्यावर इंग्रजांचं निशाण होतं. गोळीच्या टप्प्यात आल्यावर त्यांनी ते उतरवलं आणि फ्रेंच निशाण चढवलं. त्यांच्याकडे सहा तोफा होत्या. आमच्याकडे शार्क मारायची एक बंदूक.

त्यांचा कप्तान दुव्हाल नावाचा होता. इंग्रजांच्या कैदेत दोन वर्षं काढल्यामुळे त्याला आमची भाषा येत होती. कप्तान प्लमरनी पत्र्याची पेटी उघडून त्याच्यापुढे सगळे कागद ठेवले. त्याने एकेक कागद उन्हाकडे धरून पाहिला.

"कागद फार छान आहेत तुमचे," तो म्हणाला.

"आहेतच," कप्तान म्हणाले.

"इतके छान कागद मी फक्त खोट्या लोकांकडे पाहिलेत. खऱ्या माणसाच्या कागदात काहीतरी चुकलेलं असतं."

कप्तान प्लमर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले. तासाभरात त्यांची दहा माणसं आमच्या जहाजावर चढली आणि आम्हाला ग्वाडेलूपला घेऊन चालली. वाटेत त्यांनी चीज खाल्लं आणि कांद्याच्या माळा गळ्यात घालून नाच केला. तिसऱ्या दिवशी मेहिटेबल मावशींचं गाठोडं त्यांच्या हाती लागलं. त्या उकाड्यात लोकरीचे मोजे कोण घालणार? त्यांनी ते तोफांच्या नळ्या पुसायला घेतले. कप्तान तिथेच उभे होते. "ती एका म्हातारीची मेहनत आहे," एवढंच ते म्हणाले. त्यातल्या कुणाला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी फरक पडला नसता.

ग्वाडेलूपला आम्हाला धक्क्याजवळच्या एका जुन्या साखरगोदामात कोंडलं. तिथे आधीच तीसेक अमेरिकन खलाशी होते, सगळे असेच धरून आणलेले. खिडकीतून 'प्रूडन्स' दिसायची. रोज थोडा थोडा माल उतरत होता. जहाज जप्त करायचं की सोडायचं या खटल्याचा निकाल लागायचाच होता, पण पंधरा दिवसांत पहारेकऱ्यांच्या पायांत लिनचे जोडे आले.

निकाल अडून राहिला होता, त्याला कारण होतं. आमचे कागद चोख होते. जहाज इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटाकडे चाललं होतं असं ठरलं असतं तर, फ्रेंचांचं इंग्रजांशी युद्ध चालू असल्यामुळे, फ्रेंच कायद्याने जहाज आणि माल दोन्ही जप्त करता येत होते. पण आमचा प्रत्येक कागद सेंट थॉमस म्हणत होता.

जुलैच्या सुरुवातीला गोदामात पिवळा ताप शिरला. आमच्यापैकी आधी सॅम्युअल गुडह्यू पडला, मग स्वयंपाकी, मग मी. यापुढचं मला तुटक तुटक आठवतं. कप्तानांचा हात कपाळावर. ओल्या पोत्याचा वास. कुणीतरी पाणी मागत होतं, ते मीच होतो हे मला नंतर कळलं. एकदा डोळे उघडले तेव्हा मी पांढऱ्या भिंतींच्या खोलीत खाटेवर होतो आणि एक काळी परिचारिका मला चमच्याने पेज भरवत होती. मी दवाखान्यात कसा आलो असं मी विचारलं. तिला माझी भाषा येत नव्हती.

ऑगस्टच्या मध्यावर आम्हाला कैदी नेणाऱ्या जहाजावर चढवून बॉस्टनला पाठवलं. आठ जणांतले सात परतलो. गुडह्यूला तिथेच पुरलं होतं. वाटेत मी कप्तानांना विचारलं, "जहाजाचं काय ठरलं?"

"जप्त केलं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"घरी गेल्यावर बोलू, जेथ्रो. तू आधी खा."

घरी गेल्यावर ते बोलले नाहीत. गुडह्यूच्या बायकोकडे मात्र गेले, पहिल्याच दिवशी, घरी जायच्याही आधी.

जबानीसाठी लंटसाहेब आम्हा दोघांना आपल्या गाडीतून स्टिकनी नोटरीकडे घेऊन गेले. लोकांनी पुढे लंटसाहेबांना वाईट ठरवलं, ते खरं नाही. भला माणूस होता. गावातल्या बायकांनी माल दिला तो त्यांच्या शब्दावर दिला होता. विमा कचेरीकडून भरपाई मिळवायची तर आधी कप्तानाची शपथेवरची जबानी लागते. गाडीत ते सारखं कप्तानांच्या गुडघ्यावर हात ठेवत होते.

"घडलं तसं सांगायचं, एनॉक. धरलं कसं, नेलं कसं, लुटलं कसं. बस्स. तुमच्यासारख्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

कप्तान बाहेर बघत होते. कदाचित त्या कानाने ऐकूच आलं नसेल.

स्टिकनी नोटरींची खोली रस्त्याच्या बाजूला होती. म्हातारा माणूस, सर्दीने बेजार. शपथ झाली. कप्तान बोलत गेले आणि नोटरी लिहीत गेले. तारीख, वारा, निशाण, तोफा. कप्तानांना प्रत्येक पिंप पाठ होतं. कुणाच्या किती माळा, कुणाचं किती चीज, काही चुकलं नाही. लंटसाहेब समाधानाने मान हलवत होते. मोज्यांची गोष्ट आली तेव्हा स्टिकनींनी लेखणी थांबवून नाक पुसलं आणि म्हणाले, "मेहिटेबलला हे वाचून दाखवू नका कुणी."

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येक जबानीत तो असतोच.

"जहाज आणि माल जप्त करायचा निकाल कशाच्या आधारे लागला?"

कप्तानांनी नोटरींच्या लेखणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या सहीच्या आधारे."

स्टिकनींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कसल्या सहीच्या?"

"मी त्यांना कागद लिहून दिला. जहाज मार्टिनिकला चाललं होतं आणि सेंट थॉमसचे कागद दिखाऊ होते, असं त्यात होतं."

लंटसाहेब उठून उभे राहिले. मार्टिनिक तेव्हा इंग्रजांकडे होतं हे त्या खोलीत कुणाला सांगायची गरज नव्हती.

"पण ते खोटं आहे," लंटसाहेब म्हणाले.

"हो. खोटं आहे."

"तुम्हाला वाचता येत नव्हतं ना? फ्रेंचमध्ये होतं. तुम्हाला काय ठाऊक आपण कशावर सही करतोय."

"कारकुनाने मला इंग्रजीत वाचून दाखवलं. दोनदा. मला ठाऊक होतं."

"मग का केली?"

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाकडे बघत बोलले. न्यायालयाचा कारकून गोदामात यायचा. म्हणायचा, सही करा, तुमची आजारी माणसं आज दवाखान्यात जातील आणि पहिल्या जहाजाने सगळे घरी. कप्तान नाही म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. नऊ दिवस आला. कप्तान नऊ दिवस नाही म्हणाले. माल त्यांचा नव्हता, लोकांचा होता. नवव्या दिवशी संध्याकाळी गुडह्यू गेला. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी कारकुनाला स्वतःहून बोलावलं.

"आणखी दोघं होते," ते म्हणाले. "मला वाटलं नाही ते संध्याकाळपर्यंत टिकतील."

त्या दोघांतला एक मी होतो. ती पांढरी भिंत, ती पेज, ते बॉस्टनपर्यंतचं जहाज, सगळ्याची किंमत काय होती ते मला तेव्हा कळलं.

लंटसाहेबांनी दार नीट लागलं आहे का ते पाहिलं. मग खुर्ची ओढून कप्तानांच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाजवळ बसले.

"स्टिकनी, हे अजून लिहिलं नाही ना?"

"नाही," स्टिकनी म्हणाले. लेखणीवरची शाई सुकत चालली होती.

"एनॉक, निकालाची प्रत तुमच्याकडे आहे?"

"दिली नाही त्यांनी."

"मग तो कागद समुद्रापलीकडे आहे. इथे कुणाला कळायचं कारण नाही. तुम्ही एवढंच म्हणा की निकाल कशावर लागला ते आम्हाला सांगितलं नाही. विमावाल्यांना ही सही जबानीत दिसली तर ते एक पैसा देणार नाहीत. म्हणतील, कागद दिखाऊ होते असं कप्तानानेच लिहून दिलंय. माझं सोडा. मी कसाही उभा राहीन. पण ज्यांनी चीज दिलं, कांदे दिले, त्यांचं काय? गुडह्यूच्या बायकोनेही मेणबत्त्यांची पेटी दिली होती. तिला काय सांगू?"

"मी फ्रेंचांशी एकदा खोटं बोललो, अ‍ॅबनर. ते माणसांसाठी होतं."

"हेही माणसांसाठीच आहे."

मी कप्तानांचा चेहरा बघत होतो. त्यांनी यावर खरंच उत्तर शोधलं, आणि त्यांना सापडलं नाही. बाहेर रस्त्यावरून फळ्यांची गाडी गेली.

"मी बायबलवर हात ठेवलाय," शेवटी ते म्हणाले. "तिथे ठेवला नव्हता. एवढंच मला सांगता येतं. हे पुरेसं नाही हे मला कळतं."

लंटसाहेब एकदम माझ्याकडे वळले. "जेथ्रो, तू तिथे होतास. कप्तानांनाही ताप होता ना? सही केली तेव्हा ते शुद्धीवर नव्हते, असं असेल तर त्या सहीला काही अर्थच उरत नाही. आठवून बघ."

ते मला खोटं बोल असं म्हणाले नाहीत. आठवून बघ म्हणाले. आणि मला एवढंच दिसत होतं की मी एक वाक्य बोललो तर सगळं सुटतं. कप्तानांचं नाव राहतं, गावाचं नुकसान भरून निघतं, आणि मी जे कधीच फेडू शकणार नव्हतो त्यातलं थोडं फेडलं जातं.

"हो," मी म्हणालो. "त्यांना ताप होता. ते बरळत होते. मी पाहिलं."

स्टिकनींनी लेखणी शाईत बुडवली.

"जेथ्रो," कप्तान म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तू तेव्हा मला आई म्हणून हाक मारत होतास. तुला काय दिसलं असणार?"

लेखणी थांबली.

"मला एक दिवसही ताप आला नाही," ते स्टिकनींना म्हणाले. "सगळ्यांना आला, मला नाही. का ते देव जाणे. लिहा तुम्ही. पोराचं बोलणं लिहू नका."

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पोर म्हणून त्यांनी मला त्याआधी कधी हाक मारली नव्हती.

स्टिकनींनी सगळं लिहिलं. सही, कारकून, नऊ दिवस, गुडह्यू. वाचून दाखवताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, सर्दीमुळे असेल. कप्तानांनी सही केली. मीही केली. लंटसाहेबांनी आम्हाला गाडीतून परत आणलं. कप्तानांना त्यांच्या दाराशी सोडताना लंटसाहेब खाली उतरले आणि त्यांचा हात हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. मग चढले आणि गेले.

विमा कचेरीचं उत्तर डिसेंबरात आलं. लंटसाहेबांनी भाकीत केलं होतं तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत. मग वकील म्हणाले, सरकारकडे दावा लावू. फ्रेंचांकडून भरपाई घ्यायची ती आता सरकारच घेईल. कागद फिलाडेल्फियाला गेले. मग राजधानी हलली तेव्हा वॉशिंग्टनला गेले. दर एक-दोन वर्षांनी पत्र यायचं की दावा नोंदवून घेतलेला आहे. पुढे सरकारने फ्रेंचांशी तह केला. त्यात आमच्यासारख्यांचे दावे सोडून देऊन दुसरं काहीतरी मिळवलं असं वकील म्हणाले. काय मिळवलं ते मला तेव्हाही कळलं नाही. पण तेव्हापासून आमचा दावा आपल्याच सरकारवर चालू राहिला.

गावाने कप्तानांना वाईट वागवलं नाही. रस्त्यात लोक टोपीला हात लावायचे. चर्चमधली त्यांची जागा त्यांचीच राहिली. फक्त त्यांना पुन्हा कुणी जहाज दिलं नाही. कुणी स्पष्ट नाही म्हणालं नाही. प्रत्येक वेळी ते जहाज आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं असायचं. मेहिटेबल मावशी मात्र एकदा थेट त्यांच्या दाराशी गेल्या. मी तिथेच होतो.

"एनॉक, माझ्या मोज्यांचं काय झालं ते मला कुणी सांगत नाही. सगळे तोंड फिरवतात. तू सांग."

"तोफा पुसायला घेतले, मावशी."

मावशींनी जरा विचार केला. "सगळे बारा?"

"सगळे."

"लोकर चांगली होती," त्या म्हणाल्या. "तोफा नीट पुसल्या गेल्या असतील. मेल्यांना घालायची अक्कल नव्हती, ते काय तुझ्या हातात आहे?" आणि काठी टेकत निघून गेल्या. त्यांच्याएवढं स्पष्ट नंतर कुणी बोललं नाही.

कप्तानांना बंदरावर लाकूड मोजणाऱ्याचं काम मिळालं. फळ्या उतरायच्या तिथे खडू आणि मोजपट्टी घेऊन ते उभे असायचे. मला पुढच्याच वर्षी दुय्यम म्हणून जहाज मिळालं आणि तीन वर्षांनी माझं स्वतःचं. जबानीत माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं ना. पहिल्यांदा कप्तान म्हणून निघालो त्या सकाळी मी त्यांना धक्क्यावर गाठलं. मनात पाठ करून आलो होतो.

"मला तुमचे आभार मानायचे आहेत," मी म्हणालो. "इतकी वर्षं जमलं नाही. तुम्ही ती सही केली नसती तर मी..."

"नको मानूस," ते म्हणाले. फळीवर त्यांनी खडूने खूण केली, मग दुसरीवर. मला वाटलं, झालं बोलून. पण ते पुन्हा बोलले.

"मी ती सही पहिल्या दिवशी करू शकलो असतो. नऊ दिवस मी चांगला माणूस होतो. गुडह्यूची बायको माझ्या शेजारच्या गल्लीत राहते, जेथ्रो. रविवारी चर्चमध्ये माझ्यापुढे बसते. तिने मला कधी विचारलं नाही की पहिल्या दिवशी का नाही केली. तिला ठाऊक आहे. जबानी सगळ्या गावाने वाचलीय. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं की तो जाईल?"

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सातव्या दिवसापासून."

ओहोटी लागत होती आणि माझी माणसं दोर सोडायला थांबली होती. त्यांनीच मला सांगितलं, "जा. वारा उत्तरेचा आहे, आज वाया घालवू नकोस." मी गेलो.

अठराशे आठच्या हिवाळ्यात छातीच्या आजाराने ते गेले. मी तेव्हा लिस्बनला होतो. लंटसाहेब त्यांच्याआधीच गेले होते, आणि स्टिकनीही. मागच्या वर्षी वॉशिंग्टनहून पत्र आलं की 'प्रूडन्स'च्या दाव्याबाबत हयात साक्षीदाराने आपली जबानी पुन्हा एकदा शपथेवर कायम करावी. मी नव्या नोटरीकडे गेलो. तरुण माणूस होता. त्याने जुना कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, यात काही बदल करायचा आहे का?

मी सगळा वाचला. नाही म्हणालो. सही केली. अजून उत्तर आलेलं नाही.